दुकानाचा पत्ता ठाऊक, खोलीचा नाही

१० जून २०२५ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मद्यावरील उत्पादन शुल्क वाढवण्याचा निर्णय घेतला. भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावर निर्मितीमूल्याच्या तिप्पट असलेला कर साडेचारपट झाला, देशीवरचाही वाढला, धान्यापासून बनणाऱ्या ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाच्या नव्या वर्गाला मान्यता मिळाली. या साऱ्यातून राज्याच्या तिजोरीत दरसाल सुमारे १४ हजार कोटी रुपयांची भर पडेल, असा अंदाज सांगण्यात आला. पुढचे चार दिवस चर्चा चालली ती क्वार्टर आता कितीला पडणार याची.

त्याच तारखेला आणखी एका गोष्टीला बरोबर नव्वद वर्षे पूर्ण झाली. तिची दखल माझ्या वाचनात तरी कुठे आली नाही. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील ॲक्रन या गावी १० जून १९३५ रोजी डॉ. बॉब स्मिथ नावाच्या एका शल्यविशारदाने आयुष्यातला शेवटचा घोट घेतला. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’, म्हणजे आपल्याकडे सर्वजण ‘ए.ए.’ म्हणतात ती चळवळ, हाच आपला जन्मदिवस मानते. दारूतून बाहेर पडलेल्या माणसाने दारूत बुडालेल्या माणसाशी समोरासमोर बसून बोलायचे, एवढेच तिचे भांडवल.

तारखांचा हा निव्वळ योगायोग आहे. पण तो दोन हिशेब शेजारी शेजारी मांडून दाखवतो. दारूपासून सरकारला किती मिळते, याचा हिशेब रुपया-आण्यापर्यंत चोख असतो. दारूतून किती जणांना बाहेर पडायचे आहे आणि त्यांनी जायचे कुठे, हा हिशेब मात्र कोणाच्याच टेबलावर नसतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेले व्यसनांचे देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यांपैकी ५.७ कोटींहून अधिक लोकांना मदतीची गरज आहे आणि सुमारे २.९ कोटी पुरते व्यसनाधीन आहेत. याच अहवालातला एक आकडा मला झोप येऊ देत नाही. व्यसनाधीनांपैकी कुठल्याही प्रकारचे उपचार मिळालेला माणूस ३८ जणांत एक होता.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. एखाद्या योजनेचा लाभ ३८ पात्र माणसांपैकी एकालाच मिळाला असता तर वरच्या कार्यालयाने शाखेला पहिला प्रश्न विचारला असता : बाकीच्या सदतीस जणांना ही योजना आहे हे ठाऊक तरी आहे का?

बंदी आणि महसूल यांच्या मधला माणूस

दारूविषयी आपल्याकडे वाद झाला की दोनच पक्ष उभे राहतात. एक म्हणतो, बंदी आणा. दुसरा म्हणतो, महसूल बुडेल आणि हातभट्टी फोफावेल. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने दारूबंदीच्या दिशेने जाण्याचे मार्गदर्शन राज्याला केले आहे. आपल्या राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा असून, त्यानुसार आजही दारू पिण्यासाठी परवाना लागतो, हे पिणाऱ्यांनाही माहीत नसते. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात ती एप्रिल २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. गावोगावच्या बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली आणि दुकानांना कुलपे लावली, हा तर महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासातला मोठा लढा आहे.

या लढ्यांची किंमत कमी करण्याचा माझा हेतू नाही. दुकान घरापासून लांब गेले की नवा पिणारा कमी तयार होतो, हे साध्या अकलेलाही पटते. पण जो आधीच अडकला आहे, तो दुकान बंद झाले तर शेजारच्या गावी जातो आणि भाव वाढला तर हलकी पितो किंवा घरातले विकून पितो. बंदीवाले आणि महसूलवाले दोघेही बाटलीविषयी बोलतात. पिणाऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळीविषयी कोणी बोलत नाही. त्या सकाळी हात थरथरत असतात, बायको बोलत नसते, आणि ‘आता पुरे’ असे त्या माणसाला खरोखर मनापासून वाटत असते. ही वेळ फार थोडी टिकते. तेवढ्या वेळात हाताशी पत्ता असला तर असला. नाहीतर संध्याकाळ होते.

‘कुठे जायचे ते कळवा’

काही वर्षांपूर्वी माझी एक कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यातला एक दुय्यम नायक, तालुक्याच्या गावचा कंपाउंडर, दारूपायी नोकरी घालवतो. समीक्षकांनी त्या पात्राकडे फारसे लक्ष दिले नाही. पण वाचकांची पत्रे आली ती त्याच्याबद्दलच, आणि त्यांतली बहुतेक बायकांची होती. कोणाचा नवरा, कोणाचा मुलगा, एका पत्रात तर वडील. कादंबरी कशी वाटली हे दोन ओळींत, मग घरची हकिकत चार पाने, आणि शेवटी जवळजवळ सारखीच ओळ : ‘कुठे जायचे ते माहीत असल्यास कळवावे.’

लेखकाला सगळे माहीत असते, हा आपल्या वाचकांचा प्रेमळ गैरसमज आहे. उत्तर द्यायचे तर आधी पत्ता काढायला हवा, म्हणून मी आमच्या गावात चौकशीला निघालो. रिक्षावाल्याला विचारले, पोस्टात विचारले, नगरपालिकेत विचारले. परमिट रूम कुठे आहेत, हे प्रत्येकाला तोंडपाठ होते. ए.ए.ची मीटिंग कुठे भरते, हे एकालाही सांगता आले नाही. ओळखीच्या औषध दुकानदाराने आवाज खाली आणून सांगितले, ‘‘सर, पावडर मिळते की. आमटीत टाकायची. पिणाऱ्याला कळतसुद्धा नाही.’’

या पावडरीविषयी इथेच सांगून टाकतो, कारण ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर असतात आणि गांजलेल्या बायका त्यांना बळी पडतात. दारूबरोबर पोटात गेल्यास त्रास होईल असे एक औषध खरोखर आहे. पण ते डॉक्टरांनी तपासून, रुग्णाला पूर्ण कल्पना देऊन आणि त्याच्या संमतीनेच द्यायचे असते. न सांगता दिले आणि तो माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. अशा पुड्यांत काय असते हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. नवरा वाचवायला निघालेल्या बाईच्या हातून भलतेच घडायचे.

मेमो, बदली आणि एस.टी.चा कंडक्टर

पत्ता अखेर मिळाला तो आमच्याच जुन्या शाखेतल्या एका दफ्तरीकडून. शाखेत सगळे त्यांना मामा म्हणत. तेच नाव इथे वापरतो. त्यांनी हे लिहायला परवानगी दिली ती दोन अटींवर : खरे नाव नको आणि गावही नको. छापील मजकुरात सभासदाचे नाव येऊ द्यायचे नाही, ही त्या चळवळीची जुनी परंपरा आहे.

पिणारा कर्मचारी ही कुठल्याही मोठ्या कार्यालयात अपवादाची गोष्ट नसते. ज्या बँकेत मी होतो, तिथे खोटी नोट कशी ओळखावी याचे प्रशिक्षण आम्हांला तीनदा मिळाले. सहकाऱ्याचे व्यसन कसे ओळखावे आणि मग काय करावे, याचे एकदाही मिळाले नाही. ठरलेले उपाय तीनच : मेमो, चार्जशीट आणि बदली. बदली झाली की या शाखेचा प्रश्न त्या शाखेत जाई, एवढेच. मामांची तीन बदल्यांनंतर आमच्या शाखेत नेमणूक झाली होती. पतपेढीचे कर्ज डोक्यावर, दोन जामीनदार रोज शिव्या घालणारे. पगाराच्या दिवशी त्यांची बायको शाखेत येऊन बाकावर बसायची. काही बोलायची नाही, फक्त बसायची.

मामांना मार्ग दाखवला तो ना बँकेने ना डॉक्टरांनी. स्टँडवर एका एस.टी. कंडक्टरने त्यांना सकाळी आठ वाजता त्या अवस्थेत पाहिले, चहा पाजला आणि म्हणाला, ‘‘मी पण असाच होतो. शनिवारी माझ्याबरोबर चल.’’ त्या गोष्टीला आता एकोणीस वर्षे झाली. मामा सन्मानाने निवृत्त झाले, पतपेढीचे कर्ज फेडले आणि आजही दर शनिवारी मीटिंगला जातात.

मी पत्रांविषयी सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘‘साहेब, नुसता पत्ता कळवू नका. स्वतः एकदा येऊन बघा, मग लिहा.’’

‘‘पण मामा, मी पीत नाही. मला आत कसे घेतील?’’

‘‘बंद मीटिंग फक्त आमच्यासाठी असते. उघडी मीटिंग सगळ्यांना असते. वहिनींनाही घेऊन या.’’

हॉटेलातला टेलिफोन

पत्ता तोंडोतोंडी मिळण्याची ही रीत किती जुनी आहे, हे नंतर वाचनात आले. बिल विल्सन हा न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला माणूस. अनेकदा रुग्णालयात जाऊन आलेला आणि काही महिन्यांपासून दारू न प्यायलेला. मे १९३५ मध्ये तो धंद्याच्या एका झगड्यासाठी ॲक्रनला गेला आणि तो डाव फसला. हॉटेलच्या दिवाणखान्यात एकटा असताना एका बाजूने बारमधला हास्यविनोद ऐकू येत होता, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि चर्चच्या पत्त्यांची यादी होती. त्याने फोन उचलला. आपण आज न पिता राहायचे तर आपल्यासारख्याच दुसऱ्या एखाद्या माणसाशी बोलले पाहिजे, एवढे त्याला उमगले होते. अनेक फोन केल्यावर एका बाईंनी त्याची गाठ डॉ. बॉब यांच्याशी घालून दिली. पंधरा मिनिटांची म्हणून ठरलेली भेट कित्येक तास चालली.

या कथेतला एक तपशील घरोघरच्या माणसांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. या भेटीनंतर डॉ. बॉब लगेच सुधारले नाहीत. एका वैद्यकीय परिषदेला गेले असताना ते पुन्हा बेसुमार प्याले आणि त्यानंतरची तारीख ही १० जून. म्हणजे या चळवळीच्या संस्थापकाचाच पाय एकदा घसरलेला आहे. ‘पुन्हा प्यायला, म्हणजे संपले’ असे म्हणून हात झटकणाऱ्या नातेवाइकांना मी हे आवर्जून सांगतो.

भारतात ए.ए. १९५७ मध्ये दिल्लीत सुरू झाली आणि पुढे मुंबईसह देशभर पसरली. महाराष्ट्रात तिला जोड मिळाली ती उपचार केंद्रांची. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी मदतीचा हात पुढे केला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने ‘मुक्तांगण’ उभे राहिले. अशा केंद्रात राहून माणूस दारूपासून सुटतो, पण काही आठवड्यांनी त्याला आपल्याच गल्लीत परतायचे असते. दुकान तिथेच असते, मित्र तेच असतात. तिथून पुढची वाट चालायला आठवड्याची मीटिंग लागते.

शनिवारची खोली

आता त्या खोलीविषयी. ती एका शाळेतली होती. मुंबईत आणि इतरत्रही असे अनेक गट पालिकेच्या शाळांत, चर्चच्या किंवा एखाद्या संस्थेच्या खोलीत भरतात. लहान मुलांच्या बाकांवर थोराड माणसे गुडघे आखडून बसलेली, फळ्यावर दिवसाचा सुविचार तसाच राहिलेला, भिंतीवर बारा पायऱ्या लिहिलेला कापडी फलक आणि कोपऱ्यात चहाची किटली.

दारात कोणी नाव, आडनाव, जात, पगार विचारले नाही. रजिस्टर नाही, सही नाही, वर्गणी नाही. दारू सोडण्याची इच्छा हीच सभासदत्वाची एकमेव अट, आणि ती इच्छा आहे की नाही हे ठरवणाराही ज्याचा तोच. शेवटी एक पिशवी फिरते. ज्याला जमेल त्याने त्यात काही टाकावे. खोलीचे भाडे, चहा, पुस्तिका यांचा खर्च त्यातून भागतो. बाहेरच्या माणसाची देणगी घेत नाहीत. मी सवयीने खिशात हात घातला तेव्हा मामांनी डोळ्यांनीच थांबवले. खातेदारांची यादी नसलेली, ठेव नसलेली, तरीही नव्वद वर्षे न बुडालेली ही संस्था पाहून माझ्यासारख्या जुन्या बँकवाल्याला चक्रावल्यासारखे झाले.

मग एकेक जण उभा राहिला. पहिले नाव, ‘मी मद्यपी आहे’ हे वाक्य आणि चार-पाच मिनिटे स्वतःविषयी. मधे कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही, ‘असे करायला नको होते’ म्हणत नाही. काय सांगितले गेले ते मी लिहिणार नाही. खोलीतले खोलीतच ठेवायचे, हा तिथला नियम आहे आणि कादंबरीकाराच्या कानांनाही तो लागू आहे. एवढेच सांगतो, की रडारड अपेक्षेपेक्षा कमी होती आणि हसणे पुष्कळ होते. आपल्याच फजितीवर मोकळेपणाने हसणारी इतकी माणसे मी एका ठिकाणी क्वचित पाहिली आहेत.

जन्मभर सोडण्याची शपथ तिथे कोणी घेत नाही. शपथांचा घरच्यांना जो अनुभव असतो, तोच या मंडळींना स्वतःचा असतो. हिशेब फक्त आजचा. आज पहिला पेला घ्यायचा नाही, उद्याचे उद्या पाहू. त्या दिवशी एकाचा ‘वाढदिवस’ होता, म्हणजे दारू सोडल्याला एक वर्ष झाले होते. टाळ्या झाल्या. पण सर्वांत जास्त लक्ष होते ते मागच्या बाकावर मान खाली घालून बसलेल्या, पहिल्यांदाच आलेल्या तरुणाकडे. मीटिंग सुटल्यावर तिघांनी त्याला आपले फोन नंबर दिले आणि घरापर्यंत सोडायला एक जण बरोबर गेला.

हिशेब तपासला तर

भावनेच्या भरात लिहिलेले जमाखर्चात टिकत नाही, म्हणून पुरावाही पाहायला हवा. वैद्यकीय संशोधनाची छाननी करणाऱ्या ‘कॉक्रेन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० मध्ये ए.ए.विषयीचा आढावा प्रसिद्ध केला. २७ अभ्यास आणि साडेदहा हजारांवर माणसे त्यात होती. ए.ए.कडे पद्धतशीरपणे वळवलेल्यांपैकी वर्षभरानंतर ४२ टक्के माणसे पूर्णपणे दारूविना होती. इतर मानसोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होते. शिवाय उपचारांवरचा खर्चही कमी झाला. हे अभ्यास मुख्यतः पाश्चात्त्य देशांतले आहेत हे ध्यानात ठेवूनही, फुकट भरणाऱ्या खोलीचा हा निकाल लहान नाही.

मात्र या आकड्याची दुसरी बाजूही आहे. शंभरातल्या ५८ जणांना वर्षभर ते जमले नाही. ही जादूची कांडी नव्हे. ज्याला नैराश्य किंवा दुसरा मानसिक आजार आहे, त्याला मानसोपचारतज्ज्ञ लागतोच. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू थांबवणे धोक्याचे असते. पहिल्या दोन-चार दिवसांत घाम, थरथर, निद्रानाश यांच्यापुढे जाऊन फिट येऊ शकते, भास होतात, भ्रमिष्टावस्था येते, कधी प्राणावरही बेतते. अशा माणसाला कोंडून ठेवण्याचे शौर्य घरच्यांनी करू नये. आधी डॉक्टर, मग मीटिंग. तिथले जुने सभासदही हेच सांगतात.

माळ, मंडळ आणि मीटिंग

‘हे सगळे परदेशी थेर’ असे एका परिचिताने मला ऐकवले. मला ते तसे वाटले नाही. आपल्या खेड्यांत दारू सोडायची म्हणजे माळ घालायची, हा मार्ग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तुळशीची माळ गळ्यात आली की माणूस एकटा राहत नाही. एकादशी येते, भजनी मंडळ येते, वारी येते. संध्याकाळी सात वाजता जायला दुसरी जागा मिळते आणि तिथे ‘माऊली’ म्हणून पाया पडणारी माणसे मिळतात. माळेचा धागा धरून ठेवतो की संगत, हा प्रश्न भाविकांनी आपल्या परीने सोडवावा. मला त्यातली संगत दिसते, आणि शनिवारच्या त्या खोलीतही तीच दिसली.

देवाचा उल्लेख तिथल्या पायऱ्यांत येतो आणि काही विवेकवादी मित्रांना तो खटकतो. पण तो देव कोणता हे ज्याने त्याने ठरवायचे असते. त्या बाकांवर माळकरी होते, नमाज पढणारे होते आणि ‘माझी वरची शक्ती म्हणजे हा गट’ असे सांगणारा एक पक्का नास्तिकही होता. ज्याला तेवढेही रुचत नाही, त्याने उपचार केंद्रांच्या पाठपुराव्याच्या सभांना जावे. अडचण वाटेत नाही, वाट ठाऊक नसण्यात आहे.

घरातल्यांसाठी दुसरी खोली

मला पत्रे आली ती पिणाऱ्यांची नव्हेत, त्यांच्याबरोबर राहणाऱ्यांची. त्यांच्यासाठीही खोली आहे. कुटुंबीयांचे ‘अल-ॲनॉन’ गट १९५१ पासून वेगळे चालतात. ‘मुक्तांगण’मध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे. नवरा यायला तयार नसला तरी बाई तिथे एकटी जाऊ शकते, हे फार थोड्या जणींना माहीत असते. बाटल्या लपवणे, खिसे तपासणे, साहेबांना ‘ताप आलाय’ म्हणून खोटा निरोप देणे, नवऱ्याची उधारी फेडणे ही कामे आपली नाहीत, आणि त्याचे पिणे हा आपला गुन्हाही नाही, हे तिथे तिला पहिल्यांदा कोणीतरी सांगते. माझ्या पत्नीने त्या मीटिंगनंतर एका पत्रलेखिकेला स्वतः फोन केला. नवऱ्याचे अजून तळ्यात-मळ्यात आहे, पण त्या बाई मात्र आता रात्री झोपतात.

स्वतः पिणाऱ्या स्त्रियांची वाट याहून अवघड आहे. सर्वेक्षणानुसार पुरुषांत दारू पिणारे २७.३ टक्के, तर स्त्रियांत १.६ टक्के. प्रमाण कमी म्हणून लाज अधिक, आणि लाज अधिक म्हणून खोलीत येणारी एखादीच. पुरुषांनी भरलेल्या बाकांमध्ये ती बसणार कशी? ‘मुक्तांगण’ने स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग काढला आहे. तालुक्याच्या गावी असे काही हवे असेल, तर आधी गावाच्या तोंडाला कुलूप लावावे लागेल.

पैसा नको, खोली द्या

१४ हजार कोटींच्या बातमीनंतर त्यातला काही वाटा व्यसनमुक्तीला द्यावा, अशी सूचना मनात येते. उपचार केंद्रांना, जिल्हा रुग्णालयांतल्या खाटांना, मानसोपचारतज्ज्ञांच्या पदांना तो जरूर द्यावा. पण ए.ए.ला सरकारने एक रुपया देऊ केला तरी ती घेणार नाही. पैसा आला की पदे येतात आणि पदे आली की भांडणे, हे त्यांनी फार लवकर ओळखले. सभासद मिळवण्यासाठी ते जाहिरातबाजीही करत नाहीत. त्यामुळे गंमत अशी होते की दारू विकणाऱ्याची पाटी चौकात झळकते आणि दारू सोडवणाऱ्याचा पत्ता कुजबुजत मिळतो.

त्यांना हवी आहे ती संध्याकाळी दीड तासासाठी एक खोली, वाजवी भाड्याने. ती देणे पालिकेच्या शाळेला, जिल्हा परिषदेला, वाचनालयाला, देवळाच्या सभामंडपाला सहज शक्य आहे. आणि पत्ता सांगण्याचे काम इतरांनी करायचे आहे. सरकारी रुग्णालयाच्या केसपेपरच्या खिडकीवर, पोलीस ठाण्यात, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, कारखान्याच्या गेटवर आणि परवानाधारक दुकानाच्या दर्शनी भागात जवळच्या मीटिंगचा वार, वेळ आणि जागा लिहिलेली एक ओळ असावी. परवाना देताना सरकार दुकानदाराला इतक्या अटी घालते, त्यात ही एक. केंद्र सरकारची १४४४६ ही नि:शुल्क व्यसनमुक्ती मदतवाहिनी आहे, तोही क्रमांक तिथे हवा. कचेऱ्यांनी मेमोबरोबर हा पत्ता दिला, तर कित्येक चार्जशीट लिहाव्याच लागणार नाहीत. हे माणुसकीचे बोलणे वाटत असेल तर व्यवहाराचे सांगतो. अनुभवी कर्मचारी बडतर्फ करून नवा तयार करण्यापेक्षा हे फार स्वस्त पडते.

उरले आपण, रविवारी सकाळी चहाबरोबर पुरवणी वाचणारी घरे. आपल्याकडे रक्तपेढीचा नंबर असतो, गॅसवाल्याचा असतो, साप पकडणाऱ्याचाही असतो. त्या यादीत ही एक ओळ वाढवावी. ती आपल्या गरजेपोटी विचारावी असे नाही. गरज नसतानाच विचारून ठेवावी, कारण ज्याला गरज असते त्याला विचारायची लाज वाटते. एखाद्या सकाळी जिन्यात, कचेरीत किंवा स्टँडवर कोणीतरी ‘आता पुरे’ म्हणेल, तेव्हा त्याला उपदेश नको असतो. शनिवारी किती वाजता आणि कुठे, एवढेच सांगता आले पाहिजे.